बाबांच्या खुणेवर

१४ जानेवारी

मोठी माणसं म्हातारपणी आठवणी लिहायला बसतात तेव्हा निम्मं विसरलेली असतात आणि उरलेलं निम्मं रंगवून सांगतात. म्हणून मी आत्तापासूनच लिहून ठेवते. उद्या कुणी विचारलं, बाई, तुमची सुरुवात कशी झाली, तर सरळ हे पुढे करायचं.

तर सुरुवात अशी झाली. दुपारी घाईचा फोन आला. घाई म्हणजे माझा मॅनेजर. एक वाक्य धड पूर्ण करत नाही, म्हणून घाई. "ऐक, मिळालं, मोठं स्टेज, समुद्राकाठचं मैदान, मार्चअखेर, सूर्य बुडतानाचा तास तुझा, ठेवतो." आणि ठेवला की! मी चष्म्याच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभी, आणि तो फुटपाथ काही पायाला लागेना.

आत जाऊन एका आजोबांचे डोळे तपासले, "हे स्पष्ट, की आधीचं?" विचारलं, आणि मालकांना सांगून टाकलं की महिनाअखेर मी चालले. मालक म्हणाले, "कुठे?" म्हटलं, "गाणी करायला." ते म्हणाले, "अगं, मग ती तर तू आत्ताही करतेस की संध्याकाळची." आता यांना काय सांगणार! संध्याकाळची करतात ती हौस. मी हौशी नाही.

मी नाचायची गाणी करते, यंत्रांवर. आणि स्टेजवर ती जिवंत वाजवते, हे ठळक लिहून ठेवायला हवं. कारण या धंद्यात निम्मी मंडळी घरून तयार गाणी आणतात, एक बटण दाबतात आणि तासभर हात वर करून उड्या मारतात. माझा ठेका, माझा बेस (तो खालचा घुमणारा आवाज), माझी सुरावट, सगळं तिथल्या तिथे, माझ्या या दहा बोटांनी. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकतं. आजवर चुकलेलं नाही.

तो तास रंगला तर वर्षभराचे दौरे. नाही रंगला तर पुन्हा आहेच, "वाचा बघू शेवटची ओळ."

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. म्हणाले, "बरं." मग भात वाढून घेत, "तिथे बसायला मिळतं का?" झालं. संपली चौकशी.

१ फेब्रुवारी

इतके दिवस मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये काम करायचे. तिने गाडी घेतली आणि माझा स्टुडिओ गेला. गाडीला गॅरेज लागतं हे मला मान्य आहे, तरी राग आलाच.

पण म्हणतात ना, होतं ते बऱ्यासाठी. बाबांनी मागची खोली रिकामी करून दिली. त्यांच्या अवजारांच्या पेट्या, दोरखंड, बंदरावरचे बूट, सगळं माळ्यावर गेलं. चकाकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट तेवढं दारामागच्या खुंटीला राहिलं. मी काढायला गेले तर म्हणाले, "ठमे, ते असू दे." जगात मला कोणी ठमी म्हणत नाही. स्टेजवर मी 'ठिणगी' आहे, घरात ठमी.

खोली सुरेख आहे. चारही भिंती सारख्या, अगदी चौकोनी पेटी. मी स्वतः टेप लावून टेबल बरोब्बर मधोमध ठेवलं, पुढे दोन स्पीकर, मध्ये माझी खुर्ची. उजवीकडे जेवढी जागा तेवढीच डावीकडे, पुढे तेवढीच मागे. अशी नीट मांडणी त्या गॅरेजमध्ये जन्मात झाली नसती. बाबा म्हणाले, "भिंतीला लावलं असतंस तर चालायला जागा झाली असती." म्हटलं, "बाबा, हे शास्त्र आहे."

६ फेब्रुवारी

काहीतरी पांचट लागतंय. सुरावट छान चमकते, पण खालचा बेस म्हणजे पाणी घातलेलं दूध. हे स्पीकर गॅरेजमध्ये गुरगुरायचे, इथे येऊन मांजर झालेत. नवीन घर, लाजत असतील. वाढवला बेस.

घाई म्हणतो हेडफोन लावून एकदा तपास. हेडफोन! बेस कानाने ऐकायचाच नसतो, तो पोटाने ऐकायचा असतो. हेडफोन काय पोटाला लावू? इतकी वर्षं माझ्या पोटाने मला फसवलेलं नाही.

संध्याकाळी खालच्या काकू आल्या. त्यांच्या कपाटातले कप वाजतात म्हणे. मी म्हटलं, "काकू, मला इथे बसून बेस ऐकू येत नाही, तुमचे कप कुठून वाजतील?" त्या म्हणाल्या, "बाई गं, कपांना विचार." पुढे बाबांशी बोलत दारात बराच वेळ उभ्या होत्या.

९ फेब्रुवारी

आज मन खट्टू झालं. लिहू की नको असं झालंय, पण लिहायचं म्हणजे सगळं लिहायचं.

बाबांनी त्यांची खुर्ची हॉलमधून उचलली. ती हातांची, मऊ गादीची, जिथे ते संध्याकाळी पेपर घेऊन बसतात ती. आता ती घरातल्या बोळाच्या टोकाला आहे, माझ्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून. तिथे उजेड नाही, वारा नाही, पेपर वाचता येत नाही. मी वाजवायला लागले की ते उठतात आणि तिथे जाऊन डोळे मिटून बसतात. विचारलं, "झोप येते का?" म्हणाले, "नाही गं, असाच."

असाच काय! माझा आवाज सहन होत नाही म्हणून म्हातारा माणूस हॉल सोडून बोळात बसतोय, हे मला कळत नाही का? तोंडाने मात्र बोलायचं नाही. एकदा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बेस अजून थोडा वाढवला. अजून पांचटच.

१३ फेब्रुवारी

आज बाबा आपणहून दारात आले. हातात दोन कप चहा. एक कप माझ्या सिंथवर, म्हणजे सुरांच्या यंत्रावर, ठेवायला निघाले, मी किंचाळले, मग जमिनीवर ठेवला.

"ते मध्ये सगळं गप्प होतं," ते म्हणाले, "आणि मग धाडकन येतं. ते काय असतं?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. सांगितलं, "बाबा, त्याला ड्रॉप म्हणतात. गाणं चढवत चढवत न्यायचं, माणसं पार टोकाला आली की सगळं काढून घ्यायचं. शांतता. आणि लोकांचा जीव कासावीस झाला की सगळा बेस एकदम खाली सोडायचा. बटण दाबून गाणी वाजवणाऱ्यांची शांतता आधीच मोजून ठेवलेली असते. माझी नसते. मी लोकांकडे बघते आणि वाटेल तेव्हा सोडते."

"म्हणजे माल वर टांगून ठेवायचा."

"हो, तसंच."

"आणि कधी सोडायचा ते कोण सांगतं?"

"कोण सांगणार? मीच ठरवते. ती वेळ माझी. मी काही कुणाच्या बोटावर नाचणारी नाही."

ते हसले. बाबा बंदरावर क्रेनचे सिग्नलमन होते. क्रेन चालवणारा उंचावर पेटीत बसलेला, त्याला खालचं नीट दिसत नाही आणि ऐकू तर काहीच येत नाही. बाबा जहाजाच्या पोटाशी उभे राहून हाताने खुणा करायचे, आणि त्या खुणांवर वरून लोखंड उतरायचं. आज मला दाखवल्या. बोट वर करून गोल फिरवलं की चढव. हात बाजूला काढून, बोट खाली करून गोल फिरवलं की उतरव. आणि दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत धरून नुसतं उभं राहिलं की, आहे तिथेच धर, काही हलवू नकोस.

"वरच्याला घाई असते," म्हणाले. "हातात दांडा असला की माणसाला तो ओढावासा वाटतो. खाली कुणाचा पाय आहे ते त्याला दिसत नाही."

मी म्हटलं, "माझ्या गाण्याखाली कुणाचा पाय येत नाही, बाबा." चहा गार झाला होता, तरी प्यायले.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी बोळातून हाक. "ठमे, तिसऱ्याला आज लवकर सोडलंस!" तिसऱ्याला म्हणजे तिसऱ्या गाण्याला. मी म्हटलं, "तुम्ही झोपलात ना?" बहुतेक झोपेतच बोलले असतील. गंमत म्हणजे खरंच लवकर सोडला होता.

परवा क्लबमध्ये तालीम म्हणून छोटा कार्यक्रम आहे. नव्या गाण्यांची पहिली पंगत. मैदानाचे आयोजकही येणार आहेत. बेस आता कुठे मनासारखा लागतोय. बघाच आता एकेकाचे चेहरे.

२० फेब्रुवारी

माती झाली.

क्लबचा साउंडवाला आहे, त्याला सगळे खडूस म्हणतात. त्याच्यासमोरही म्हणतात, आणि तो ओ देतो. आवाज तपासतानाच त्याने माझा बेस निम्म्याने खाली ओढला. मी म्हटलं, "वर घ्या." तो म्हणाला, "बाई, हा बेस नाही, हा भूकंप आहे." मी म्हटलं, "गाणं माझं आहे." त्याने हात वर केले आणि बेसची खुंटी होती तिथे नेऊन ठेवली. "घ्या. तुमचं गाणं, तुमचं नशीब."

पहिल्या गाण्याला लोक पुढे आले. दुसऱ्याला थांबले. तिसऱ्याला मी ड्रॉप सोडला, आणि लोक नाचायच्या ऐवजी मागे सरकले. मागे! कानांवर हात ठेवून भिंतीकडे जाणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. माझी सुरावट कुठे गेली ते मलाही कळेना, नुसता एक गडगडाट, त्याच्या पोटात सगळं गडप. काउंटरवरचा एक ग्लास आपल्या पायांनी चालत गेला आणि पडला. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळभरात मिळालेल्या त्या एवढ्याच टाळ्या.

खडूसने काहीतरी केलं असणार. नाहीतर हॉलच भिकार आहे. घरी येऊन बाबांना तेच सांगितलं, पंधरा मिनिटं सांगत होते. ते ऐकून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी ताट तसंच ठेवून उठले.

२१ फेब्रुवारी

घाई घरी आला. आज त्याने सगळी वाक्यं पूर्ण केली, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आयोजक म्हणतात, तास तुमचाच, पण जिवंत वाजवायचं नाही. गाणी त्यांच्या माणसाकडे द्यायची, तो दुरुस्त करून एकसलग तासभराची करून देणार. मी स्टेजवर जायचं, बटण दाबायचं, हात वर करायचे.

"लोकांना कळणारसुद्धा नाही," घाई म्हणाला.

"मला कळेल ना."

"मग मैदान विसर. रविवारपर्यंत सांग."

तो गेल्यावर खूप रडले. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून यंत्रं चालू ठेवून रडले. खरं सांगू? मला भीती वाटतेय. त्या तिसऱ्या गाण्यात मला स्वतःलाच माझं गाणं ओळखू आलं नाही. आणि इथे या खुर्चीत बसलं की तेच गाणं इतकं गोड लागतं! दुकानात माझ्यासमोर बसलेला प्रत्येक माणूस छातीठोक सांगायचा की मला सगळं स्वच्छ दिसतं, आणि शेवटच्या ओळीत 'ब' ला 'व' म्हणायचा. कशाला आठवलं हे आत्ता, कोण जाणे.

बटण दाबायचं का? हात तर वर करता येतात मला.

२३ फेब्रुवारी

हे सावकाश लिहिते, एकही गोष्ट सुटू नये म्हणून.

सकाळी ठरवून टाकलं होतं की घाईला हो म्हणायचं. त्याआधी बाबांशी एकदा काय ते भांडून घ्यायचं. म्हणजे तुमची खुर्ची हॉलमध्ये न्या, मी आता काही वाजवणार नाही, तुमची सुटका झाली, असं सगळं तोंडावर सांगायचं. बाबा ब्रेड आणायला गेले होते. खोलीत यंत्रावर तिसऱ्या गाण्याचा तुकडा आपोआप पुन्हा पुन्हा वाजत होता, तो बंद करायचंही सुचलं नाही. मी बोळात त्यांच्याच खुर्चीत फुगून बसले, म्हटलं येऊ देत.

पाठ टेकली, आणि भिंतीतून कुणीतरी धक्के मारायला लागलं.

आधी वाटलं खाली काही तोडकाम चाललंय. मग ठेका ओळखला. माझाच. सगळा बेस त्या भिंतीत येऊन बसला होता. खुर्ची थरथरत होती, माझे दात थरथरत होते, आणि सुरावट? दार उघडं असून सुरावट कुठेतरी लांब चिमणीसारखी. हेच क्लबमध्ये झालं होतं. अगदी हेच. उठून खोलीत माझ्या खुर्चीवर गेले तर पांचट दूध. पुन्हा बोळात आले तर भूकंप. मग खोलीतच खुर्ची ओढत ओढत भिंतीशी नेली. भूकंप! मधोमध आणली, गायब! जगातली एकच जागा अशी होती जिथे माझा बेस मला ऐकू येत नव्हता, आणि तिथे मी टेप लावून बसले होते.

बाबा ब्रेड घेऊन आले तेव्हा मी जमिनीवर बसून वेड्यासारखी हसत होते.

"बाबा, तुम्ही इथे का बसता?"

"बरं ऐकू येतं म्हणून."

"बरं?"

"अगं, तुझ्या खोलीत नुसतं किणकिण. ते मला हल्ली नीट कळतही नाही. इथे पाठ लावली की खालचं सगळं कळतं. केव्हा चढवतेस, केव्हा धरतेस, केव्हा सोडतेस." मग पिशवीतून ब्रेड काढत, "आधी फार छान होतं. मग तू रोज वाढवत गेलीस. मला वाटलं, हल्लीची पद्धत असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

मी! सगळ्या गावाला "आता कसं दिसतंय, आधीचं बरं की हे" विचारत फिरलेली मी, घरातल्या माणसाला एकदा विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मला वाटत होतं माणूस माझ्यापासून लांब पळतोय.

तिथल्या तिथे खडूसला फोन लावला. सांगितलं, "चूक माझी होती." बोळातला भूकंप आणि खुर्चीतलं पांचट दूध, दोन्ही सांगितलं. मग तो म्हणाला, "खोली चौकोनी आहे का? टेबल मधोमध?" म्हटलं, "बरोब्बर मधोमध." तर हा माणूस असा खदखदून हसला! "अहो बाई, चौकोनी खोलीत खालचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि मधोमध स्वतःलाच खाऊन टाकतो. तिथे बसून बेस जोखायचा म्हणजे आंधळ्याने रंग निवडायचा. नवशिके हमखास करतात." नवशिके म्हणाला. ऐकून घेतलं.

घाईला कळवलं: जिवंत, नाहीतर मुळीच नाही. मग मी फोन ठेवला. त्याच्या आधी!

२ मार्च

टेबल भिंतीकडे सरकवलं. बाबा म्हणाले, "चालायला जागा झाली." एवढंच म्हणाले, पण कसं म्हणाले ते मला ऐकू आलं.

आयोजकांचा निरोप आला. जिवंत वाजवा, पण आवाजाच्या टेबलावर खडूस असेल तरच. खडूस कबूल झाला. वर त्याने आयोजकांना सांगितलं म्हणे, "त्या बाईला स्वतःचं चुकलेलं ऐकू येतं. बाकीच्यांना कुठे येतं?" हे मला घाईने सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

१२ मार्च

सगळी गाणी पुन्हा केली. बेस इतका खाली आणला की माझंच मला पाप केल्यासारखं वाटत होतं. रोज संध्याकाळी बोळाकडे तोंड करून ओरडते, "आता कसं? आधीचं बरं, की हे?" आणि बोळातून उत्तर येतं, "हे!" किंवा "आधीचं!" एकदा उत्तर आलं, "दोन्ही सारखंच, चहा टाक."

आत येऊन बसा म्हटलं, तर ऐकत नाहीत. माझी जागा ठरलेली आहे म्हणतात. खालच्या काकू भेटल्या, म्हणाल्या कप हल्ली वाजत नाहीत, चुकल्यासारखं होतं.

२७ मार्च

उद्या. झोप येणार नाही हे माहीत आहे. सगळ्या वायरी तपासल्या, पुन्हा तपासल्या. बाबांसाठी स्टेजच्या मागे खुर्ची सांगून ठेवली होती. म्हणाले, "मागून काय दिसणार? मी खाली उभा राहतो."

"बाबा, गर्दी असते."

"जहाजावर काय कमी असायची?"

२९ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, आणि रंगवून मुळीच लिहीत नाही, देवाशप्पथ.

मैदान भरलं होतं. समुद्राकडून वारा, समोर माणसंच माणसं, सूर्य पाण्याकडे झुकायला लागलेला. मी वायरी तिसऱ्यांदा तपासल्या. मैदानाच्या मध्यावर खडूसचं टेबल, आणि मी बाबांना कुठे शोधू म्हणेपर्यंत दिसलेच. त्या टेबलाच्या पुढे एक भडक नारिंगी ठिपका. जाकीट घालून आले होते! पट्ट्या उन्हात अशा चमकत होत्या की मैदानात दुसरं काही दिसेना. नंतर विचारलं तर म्हणाले, "वरच्याला खालचा दिसायला नको?"

पहिल्या गाण्याला बेस सोडला आणि तो पोटात आला. भूकंप नव्हे, बेस. सुरावट त्याच्यावर तरंगत गेली, अगदी मागच्या माणसांपर्यंत गेली, मी तिला जाताना पाहिलं. दुसऱ्याला लोक उड्या मारायला लागले. तिसऱ्याला एकही माणूस मागे सरकला नाही. मी माझ्या हातांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, शाबास गं ठमे. हो, म्हटलं. मी केलंय हे, मग मी म्हणणार.

आणि शेवटचं गाणं. चढवत नेलं, चढवत नेलं, सूर्य अर्धा पाण्यात, आणि सगळं काढून घेतलं. शांतता. बोट बटणावर. रोज जिथे सोडायचे ती जागा आली.

नजर नारिंगी ठिपक्यावर गेली. बाबा दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत धरून उभे होते.

सगळं मैदान हात वर करून ओरडत होतं आणि तो एक माणूस बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा स्वस्थ. क्षणभर वाटलं, कंटाळले. आणि मग कळलं. धर. आहे तिथेच धर.

मी धरलं. माझं बोट शिवशिवत होतं, सगळं अंग म्हणत होतं सोड आता. लोक ओरडून ओरडून थकले आणि गप्प झाले. एवढं मोठं मैदान गप्प झालं. मी खरंच सांगते, मला समुद्र ऐकू आला. खडूस टेबलावरून माझ्याकडे बघत होता, हा काय वेडेपणा म्हणून. माझी नजर बाबांवरून हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा दांडा माझ्या हातात होता आणि ओढायचा कधी ते मी ठरवत नव्हते, आणि मला कसलीही भीती नव्हती.

सूर्याची शेवटची कड पाण्यात गेली. बाबांनी हात सोडवले. उजवा हात बाजूला काढला, बोट खाली केलं, आणि हळूच गोल फिरवलं.

मी सोडला.

ते मैदान जे उसळलं, ते मला लिहिता येत नाही. बाबांच्या आजूबाजूच्या पोरापोरींनी त्यांचा हात बघितला असणार, कारण पुढे गाणं संपेपर्यंत तिथला अख्खा घोळका बोट खाली करून गोल फिरवत होता, आणि मधोमध माझे बाबा, सत्तरीला आलेले, नारिंगी जाकिटातले, नाचत बिचत अजिबात नाहीत, मान ताठ. मी स्टेजवर रडत होते. घाम आहे असं सगळ्यांना सांगितलं.

खाली आल्यावर घाई म्हणाला, "दौरे, सगळे, वर्षभर, ठेवतो," आणि समोर उभा असून निघून गेला. एका बाईने माइक पुढे करून विचारलं की ती शेवटची शांतता इतकी लांब धरण्याचं धाडस कुठून आणलंत? मी म्हटलं, वरून खालचं दिसत नाही, खाली माझा माणूस उभा होता. तिला काही कळलं नसावं, तिने पुढचा प्रश्न विचारला.

येताना गाडीत बाबा एवढंच बोलले, "शेवटी जरा जोरात उतरवलंस. पण ठीक आहे. कुणाचा पाय नव्हता खाली."

आज सकाळी खालच्या काकू बाबांना जिन्यात भेटल्या, मी दाराआडून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "लेकीने नाव काढलं म्हणे काल!"

"लेक वर होती," बाबा म्हणाले. "उतरवलं मी."

मला जाऊन म्हणावंसं वाटलं, अहो, ते गाणं माझं, यंत्र माझं, बोट माझं. नाही गेले. आत येऊन चहा टाकला, दोन कप भरले, आणि त्यांचा कप बोळातल्या खुर्चीपाशी नेऊन ठेवला. मग यंत्रं चालू केली.